सुटकेची पेटी

"गाडी अडकली तर अडकू दे! शेखर आहे ना!"

हे वाक्य खुद्द शेखरचंच. तो ते स्वतःबद्दल म्हणायचा आणि कोणी विचारलं नसलं तरी म्हणायचा. सापगावात घर, शहापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची नोकरी, आणि दारात एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप. पण त्याचा जीव जीपमध्ये नव्हता. तो होता जीपच्या मागच्या पेटीत. काळी, जाड प्लास्टिकची, साडेतीन फूट लांब पेटी. तिच्यात अडकलेली गाडी सोडवायचं सगळं सामान. ओढायचा पट्टा, तो अडकवायची लोखंडी कडी म्हणजे शॅकल, दोर गुंडाळत गाडी ओढणारी, हाताने फिरवायची विंच, चाकाखाली घालायच्या घडीच्या पाट्या, फावडं, टायरात हवा भरायचा पंप आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला, असं बायकोने, म्हणजे दर्शनाने, एकदाच विचारलं होतं. त्यानंतर दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

कारण शेखरला राग येत नसे. तो रागातच राहत असे. मधूनमधून बाहेर यायचा, तो जेवणापुरता.

पेटीच्या झाकणावर त्याने पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये'. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेली. दर शनिवारी पेटी उघडायची, एकेक वस्तू बाहेर काढायची, पुसायची आणि यादीवर बोट ठेवत परत आत ठेवायची. देवघरात इतकी शिस्त नव्हती!

आता तुम्ही विचाराल, एवढी तयारी, तर आजवर किती गाड्या सोडवल्या? एकही नाही! दोन वर्षांत एक माणूस अडकला नाही. पावसाळ्यात हा पठ्ठ्या मुद्दाम माळशेजच्या वाटेला जाऊन चिखलाच्या कडेला तासन्‌तास उभा राहायचा. लोक यायचे, चिखलातून गाडी काढायचे आणि हात हलवून निघून जायचे. "गाडी कशी चालवायची ह्याची अक्कल नाय लोकांना!" असं म्हणत शेखर संध्याकाळी तणतणत घरी यायचा. जसं काही अडकणं हे त्यांचं कर्तव्यच होतं!

शेवटी भादव्याच्या अखेरीस देव पावला. कल्याण-डोंबिवलीच्या गाडीवाल्यांचा एक ग्रुप होता, आडवाटेने गाड्या हाकणाऱ्यांचा. त्याचा म्होरक्या रितेश, कल्याणला टाइल्सचं दुकान, आणि मोटार एवढी नवी की सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. रितेशने विचारलं, "शेखरभाई, तुमच्या साइडला एखादा झकास ट्रॅक आहे का?" शेखरने तिथल्या तिथे मेसेज टाकला : 'टोकावड्याच्या पुढे खैरपाड्याला उत्तम वाट आहे. पुढचा रविवार. कोणीही सामान आणू नये. उगाच गर्दी होते. सर्व तयारी माझ्याकडे आहे.'

खैरपाडा म्हणजे शेखरच्या आईचं माहेर. तिथे भगीरथमामाची जमीन. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधून दोनेकशे पावलांची गाडीवाट, आणि वाटेच्या शेवटी मोकळा माळ. शेखर आठ दिवस आधी परवानगी काढायला गेला.

"तीन गाड्या हायत मामा. वाटेनं जातील, माळावर थांबतील, वाटेनंच परत येतील."

भगीरथमामाने बिडी विझवली. "भात निसवलंय रे."

"ते दिसतंय मला. मी काय शेतकऱ्याचा पोर नाय?"

"निसवल्या भातात मी सोता पाय घालत नाय. धक्का लागला का फूल झडतं. फूल झडलं का दाणा पोचट. वरसाचं खाणं हाय आमचं त्यात. आन गाडी अडकली तर? शेतातनं काढाल तुमी, शहरातली लोकं!"

"अडकली तर माझ्याकडं पेटी हाय! जशी आली तशी सरळ मागं ओढून काढीन. एका काडीला धक्का लागला, तर शेखर नाव लावणार नाय!"

दारात तांदूळ निवडत बसलेली मैनामामी म्हणाली, "मग काय नाव लावशील?"

मामा हसला नाही. एवढंच म्हणाला, "तुझ्या शब्दावर सोडतो. दुसऱ्या कोणाला सोडली नसती वाट."

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नेमकं शाळेत विज्ञान प्रदर्शन निघालं आणि पेटीची तपासणी राहिली. रविवारी पहाटे शेखर अंगणात आला तर आई, म्हणजे सुंदराबाय, म्हणाली, "पेटी ठेवलीय रे गाडीत." शेखरने मागे जाऊन पेटीची कडी धरली आणि एका हाताने उचलून बघितली. जड! नेहमीसारखीच जड! "ह्याला म्हणतात तयारी!" असं स्वतःशीच म्हणत त्याने जीप काढली, किन्हवलीवरून टोकावड्याला आला आणि ढाब्यावर बाकीच्यांची वाट बघत बसला.

दुसरी गाडी रितेशची. तिसरी समीक्षाची. समीक्षा डोंबिवलीची दातांची डॉक्टर. कमी बोलायची आणि गाडी नीट चालवायची. शेखरला ती तेवढ्यासाठीच आवडत नव्हती. ती अडकण्यातली नव्हती.

खैरपाड्याला पोचल्यावर शेखरने वाटेच्या तोंडाशी सगळ्यांना उतरवून भाषण ठोकलं. "हे बघा, मधे पाटाचं पाणी वाटेवर आलंय. तिथं थांबायचं नाय! एका वेगानं काढायची गाडी. थांबलात का संपलात. आणि भाताला हात लावायचा नाय, टायर लावायचं नाय, नजरसुद्धा जपून लावायची! समजलं?"

मग तो स्वतः जीप घेऊन गेला. ओल्या जागेतून सुळकन निघाला आणि माळावर जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे रितेश आला. ओली जागा आली आणि रितेशने काय केलं? थांबला! कशाला? तर काच खाली करून, हात बाहेर काढून, भाताबरोबर स्वतःचा व्हिडिओ काढायला!

त्याने परत ॲक्सिलेटर दाबला तेव्हा मागची चाकं जागच्या जागी फिरली. आणखी दाबला. गाडी पाटाच्या गाळात बसली ती पार पोटापर्यंत!

माळावर शेखरच्या तोंडावर हसू फुटलं. दोन वर्षांनी! तो पळत आला नाही. रुबाबात, एकेक पाऊल टाकत जीपच्या मागे गेला. वाटेच्या तोंडाशी गाडी ठेवून समीक्षा चालत आली होती. भगीरथमामा आणि मैनामामी बांधावर येऊन उभी होती. रितेश खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "शेखरभाई पेटी उघडतायत! थांबा, थांबा, व्हिडिओ घेऊ द्या!"

शेखरने दोन्ही कड्या सोडल्या आणि झाकण वर केलं.

पेटीत लाल भोपळा होता.

भोपळ्याच्या अंगाला दोन दुधी. त्यांच्यावर शिराळ्यांची जुडी. खाली हाताएवढ्या लांब सात-आठ काकड्या. आणि कोपऱ्यात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं, ते उघडलं तर घुगऱ्या! झाकणाच्या आत यादी जशीच्या तशी चिकटलेली होती. तिच्यात काकडी नव्हती.

"शेखरभाई," रितेश लांबून म्हणाला, "हे गाडीच्या रिकव्हरीला की कोशिंबिरीला?"

शेखरचं डोकं फुटायचंच बाकी राहिलं! माळावरच्या एका खडकावर चढलं तरच फोनला रेंज यायची. तो त्या खडकावर चढला आणि घरी फोन लावला.

"दर्शना! पेटी!"

"मिळाली ना? आईंनी ठेवलीय गाडीत."

"आतलं सामान कुठाय?"

"माळ्यावर. पट्टा तेवढा दांडीवर हाय. अजून वाळला नाय."

"वाळला नाय? भिजला कसा?"

"आईंनी साबणात भिजवून धुतला. चिखलाचं सामान ना ते? आणि तुमी माझ्यावर कशाला ओरडताय? आईंशीच बोला!"

फोन आईकडे गेला. सुंदराबाय शांतपणे म्हणाली, "तुझ्या जनाआत्याच्या नातवाचं बारसं होतं ना काल! दोनशे माणूस जेवायला. भाकऱ्या ठेवायला झाकणाचं मोठं काय नव्हतं तिच्याकडं. दिली मी पेटी. घासून-पुसून दिली हो."

"आये, त्यावर लिवलंय! हात लावू नये!"

"ते परक्यांसाठी. जना काय परकी हाय?"

"आणि ह्या काकड्या? हा भोपळा?"

जनाआत्या तिथेच बसलेली होती. तिने फोन ओढून घेतला. "माझ्या मांडवावरच्या हायत रे! खाऊन तर बघ, साखर हाय साखर! दिलेलं भांडं कोण रिकामं परत देतं काय? मी पहाटे उठून भरून आणली पेटी. तुझ्या आयशीनं आन मी दोघींनी उचलून ठेवली गाडीत, माझी कंबर धरली अजून!"

"आत्या! इथं गाडी अडकलीय गाळात!"

"मग आधी घुगऱ्या खा सगळ्यांनी. उपाशीपोटी जोर येतो काय?"

शेखरने फोन बंद केला आणि रागाने त्याच खडकाला लाथ मारली. खडकाला काही झालं नाही. शेखर लंगडत खाली आला.

बरं, चिडायचं तरी कोणावर? पेटी मागणाऱ्यावर की देणाऱ्यावर? रिकामं भांडं परत करू नये, हे त्याला स्वतःला आईनेच शिकवलेलं. त्याच्या घरातून डबा शेजारी गेला की चार चिंचा का होईना, घालून परत यायचा. पण म्हणून विंचच्या जागी भोपळा? अरे, काही मर्यादा!

"मामा, दावं द्या एखादं!" तो ओरडला.

"बैलाचं हाय एक. पण ते..."

"द्या तुमी!"

दावं आलं. शेखरने एक टोक जीपला बांधलं, एक रितेशच्या गाडीला, आणि माळावरून जीप जोरात पुढे घेतली. दावं ताणलं, करकरलं आणि फाट्‌दिशी तुटलं. रितेशची गाडी तसूभर हलली नाही.

"माझ्या बैलाचं दावं!" मैनामामी बांधावरून किंचाळली. "आता त्याला काय तुझ्या शब्दानं बांधू?"

शेखरचं टाळकं आणखी सरकलं. रितेश खाली उतरून बूट वर धरून उभा होता. म्हणाला, "चाकाखाली काहीतरी घालायला पाहिजे. पाट्या असतात ना तुमच्या, त्या?"

"पाट्या माळ्यावर हायत!"

"मग दुसरं काही?"

"दुसरं काय? भोपळा घाला! घाला भोपळा! काकड्या घाला! जनाआत्याला बरं वाटंल!"

हे शेखर रागाने बोलला होता. पण रितेशला वाटलं, हीच युक्ती असणार! तो पळत गेला आणि खरंच पेटी घेऊन आला. शेखर नाही म्हणायच्या आत भोपळा डाव्या चाकाखाली आणि दुधी-काकड्या उजव्या चाकाखाली गेल्या. "शेखरभाई, मागून ढकला!" म्हणत रितेश गाडीत बसला. आता मागे हटलं तर इभ्रत जाते! शेखर गाडीच्या मागे उभा राहिला, खांदा लावला आणि ओरडला, "दाब!"

भोपळा फुटला. काकड्यांची कोशिंबीर झाली. चाकं गरगर फिरली आणि ती सगळी कोशिंबीर, गाळासकट, शेखरच्या तोंडावर, छातीवर, केसांत! डोळ्यावरची भोपळ्याची बी काढत तो उभा राहिला तेव्हा मैनामामीने पदर तोंडाला लावला होता आणि समीक्षा दुसरीकडे बघत होती. गाडी आणखी चार बोटं खाली गेली होती.

इथवर ठीक होतं. इथवर सगळं शेखरच्या इभ्रतीवर होतं. पण मग रितेशने डावीकडे बघितलं.

डावीकडच्या खाचराच्या पलीकडे तीस पावलांवर माळ होता. मधला बांध तिथे बसका होता. रितेश म्हणाला, "एक काम करतो. स्टेअरिंग फुल लेफ्ट मारतो. इथून भातात घालतो आणि सरळ माळावर काढतो. भातात तरी गाळ सारखा आहे, खड्डा नाही. जोर मारला तर निघेल."

"काय बोललास?"

"अहो, चार काड्या जातील. त्यांना भरपाई देऊन टाकू. काका, किती होतात बोला!"

भगीरथमामाने फक्त शेखरकडे बघितलं. आणि ते बघणं शेखरला भोपळ्यापेक्षा जोरात लागलं.

रितेशने गाडी सुरू केली, चाक डावीकडे वळवलं. शेखर गाडीला वळसा घालून आला आणि बांधावर, बोनेटच्या समोर, छाती काढून उभा राहिला.

"घाल! घाल माझ्या अंगावरून!"

"अहो शेखरभाई, काय करताय?"

"चार काड्या? तुझ्या टाइल्स म्हंजे टाइल्स आणि हे भात म्हंजे काड्या? आवणीला ही मामी चिखलात वाकून उभी होती, आठ दिस! तिची पाठ अजून सरळ झाली नाय! हा मानूस सोता पाय घालत नाय ह्या भातात, ज्याचं हाय तो! आणि तू गाडी घालणार? कशासाठी? तर तुला व्हिडिओ काढायचा होता! भरपाई म्हनं! ह्या फुलाचा दाणा होतो, दाण्याचा भात होतो, तो भात मानूस खातो. तुला ठाऊक तरी हाय का, तांदूळ कुठं लागतो ते? दुकानात लागत नाय तो!"

एवढं बोलताना त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि केसात काकडी होती. पण कोणी हसलं नाही. रितेशने मुकाट गाडी बंद केली.

तेव्हा समीक्षा पहिल्यांदा बोलली. "टायरमधली हवा काढू या का?"

"काय?"

"अर्धी हवा काढली की टायर पसरतो, पकड येते. चाकांमागचा गाळ उकरू, पेंढा घालू आणि आली तशी मागे ढकलू. सामान लागत नाही त्याला."

शेखरला हे माहीत होतं. ते त्याने ग्रुपवर तीनदा लिहिलंही होतं. पण रागाच्या भरात त्याला पेटीपलीकडचं काही सुचलंच नव्हतं. आता कबूल कसं करायचं? तो म्हणाला, "मी तेच सांगणार होतो," आणि काडी घेऊन व्हॉल्व्ह दाबायला बसला.

मामाने घरून फावडं आणि घमेलं आणलं. मामीने पेंढ्याच्या चार पेंड्या टाकल्या. अर्धा तास उपसाउपशी झाली. गाळ उपसून तो भातात टाकायचा नाही, घमेल्यात भरून माळावर नेऊन टाकायचा. शेखरने एकेकावर ओरडून तो नेम पाळवून घेतला. "हळू! काडी वाकली ती! रितेश, कोपर आत घे! मामी, तुमीसुद्धा जपून!"

"माझंच भात हाय रे मेल्या!" मामी म्हणाली.

मग समीक्षाने रितेशला गाडीतून उतरवलं आणि स्वतः बसली. चौघांनी पुढून खांदे लावले. एक हेलकावा, दुसरा हेलकावा, आणि तिसऱ्याला गाडी पेंढ्यावर चढली आणि सरळ मागे-मागे जात वाटेच्या तोंडाशी कोरड्या जमिनीवर जाऊन उभी राहिली!

भगीरथमामा बांधाबांधाने चालत गेला. दोन्ही बाजूंचं भात त्याने वाकून, बोटं लावून बघितलं. परत आला आणि शेखरच्या चिखलाने भरलेल्या पाठीवर हात ठेवला.

"एक काडी मोडली नाय. शब्द राखलास बाबा."

दुसरा कोणी असता तर तिथेच विरघळला असता. शेखरही विरघळायच्या बेतात होता. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं, खोटं कशाला सांगा! पण तेवढ्यात पलीकडून रितेश ओरडला, "म्हणजे पेटीची गरजच नव्हती की, शेखरभाई! दोन वर्षं उगाच वजन वाहिलंत!"

झालं! शेखर मामाचा हात झटकून माळावर गेला. जीपमध्ये बसला. दार असं आपटलं की आरसा वाकडा झाला. जीप फिरवली आणि परत वाटेला लागला. आणि पूर्ण वाटभर डोकं खिडकीबाहेर काढून रितेशवर ओरडतोय, "गरज नव्हती? गरज तुझ्यासारख्या बिनडोकांमुळं पडते! गाडी चालवताना लक्ष वाटेवर पायजे! मोबाइलात नको! डावीउजवीकडं नको! नजर कशी, समोर! समोर पायजे नजर! ज्याला समोर बघता येत नाय त्यानं..."

आणि जीप डावीकडे कलली.

बांध खचला. शेखर ज्या बाजूला तोंड करून ओरडत नव्हता, त्या बाजूची दोन्ही चाकं खाली गेली. जीप खचलेल्या बांधात रुतून बसली आणि तिचं नाक सात-आठ हात निसवल्या भातात शिरलं. इंजिन बंद पडलं. जीपच्या टपावर भाताची फुलं पीठ चाळल्यासारखी उडाली.

कोणी काही बोललं नाही. रितेशसुद्धा नाही. आणि तो बोलला असता तर शेखरला बरं वाटलं असतं, निदान कोणावर तरी ओरडता आलं असतं.

शेखर उतरला. त्याने खाली बघितलं. चाकांखाली हिरव्या लोंब्या गाळात दाबल्या गेल्या होत्या. अख्खा दिवस ज्यांच्यासाठी गळा फाडला, त्याच.

"मामा..."

"बोलू नको!" भगीरथमामा एवढ्या जोराने ओरडला की पलीकडच्या खाचरातले बगळे उडाले. "गप! सकाळपासनं तूच बोलतोयस! शहरातला पोर चुकला, गाडी बंद करून गप बसला. ती बाय तर बोललीच नाय, काम केलं. तोंड चाललं ते तुझं, आन भात मोडलं ते तू!"

"आत्ता काढतो मामा. सगळे मिळून आत्ता मागं ओढतो..."

"हात लावू नको गाडीला!" मामा वाकून जीपच्या पोटाखाली बघत होता. "बांध फुटलाय. गाडी बुचासारखी बसलीय त्यात. तू ती काढलीस का खाचरातलं पाणी सगळं वाहून जाईल. फुलावरच्या भाताचं पाणी गेलं तर उरलंसुरलंही पोचट होईल. ओल्या गाळात बांध घालून टिकतो काय आता?"

"मग?"

"मग काय? राहू दे हितंच. कापणीला ये, कोयता घेऊन. भात काढू, मग गाडी काढू."

"कापणीला? अजून महिना हाय मामा!"

"दीड," मैनामामी म्हणाली. "गरवं भात हाय, उशिरा पिकतं."

रितेशने फोन खिशात ठेवला. पण शेखरला कळलं, व्हिडिओ निघाला होता. अर्ध्या हवेच्या टायरांवर रितेशची गाडी बैलगाडीच्या वेगाने टोकावड्याकडे निघाली, हवा भरायला. पंप माळ्यावर होता.

समीक्षा शेखरला टोकावड्याच्या एसटी थांब्यावर सोडणार होती. तो तिच्या गाडीत बसताना मैनामामी पेटी घेऊन आली. तिने ती पाटावर नेऊन धुतली होती, भोपळ्याचा गर, गाळ सगळा काढला होता. तिने पेटी शेखरच्या मांडीवर ठेवली. शेखरने सवयीने कडी धरून उचलून बघितली. हलकी. त्याने झाकण उघडलं. आत काही नव्हतं. मैनामामीच्या घरून आजवर एक डबा रिकामा गेला नव्हता. परसात भेंडी होती, पडवीत तांदळाचं पिंप होतं. ती आत निघून गेली.

एसटीत मांडीवर पेटी घेऊन शेखर घरी आला तेव्हा दारात दर्शना, आई आणि जनाआत्या उभ्या होत्या. तिघींनी भांडणाची जय्यत तयारी केली होती. दर्शनाने सामान माळ्यावरून काढून ओळीने अंगणात मांडलं होतं. पट्टा वाळला होता, घडी घातलेली होती. पण शेखर काही बोललाच नाही. पेटी ओट्यावर ठेवली आणि पाय धुवायला गेला.

सुंदराबायने झाकण उघडून बघितलं. मग ती मोरीच्या दाराशी गेली आणि घाबरून म्हणाली, "शेखर, मैनानं रिकामी दिली पेटी? काय केलंस रे तू तिथं?"

दुसऱ्या दिवसापासून शेखर एसटीने शाळेत जाऊ लागला. पेटी माळ्यावर गेली. घरात त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हा दर्शनाने दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दर रविवारी तो खैरपाड्याला जायचा, भातातल्या जीपकडे बघायचा आणि मामाच्या अंगणात बसायचा. मामी चहा द्यायची, बोलायची नाही. मामाही नाही.

चौथ्या आठवड्यात, भाताला पिवळी झाक आली असताना, मामाचा फोन आला. शेखर उभा राहून बोलला.

"मामा? पाणी गेलं काय खाचरातलं?"

"नाय."

"गुरं शिरली?"

"नाय रे."

"मग काय झालं?"

मामा खाकरला. "सगळ्या पाड्याचं भात चिमण्यांनी खाल्लंय ह्या साली. आपल्या खाचरात एक पाखरू उतरलं नाय. ती गाडी बघून घाबरतात."

शेखर नुसता "बरं" म्हणाला.

"मामी विचारतेय," मामा म्हणाला, "पुढल्या साली जरा लवकर आणून घालशील काय?"